पंधरा डिसेंबरची बाई

स्तामातीस कारावियास साठाहून जास्त वर्षं मेलबर्नमध्ये राहिला, पण बेल वाजल्यावर त्यानं स्वतः दार उघडलंय असं कधी झालं नाही. बेल वाजली की तो आधी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाआड जाऊन उभा राहायचा. "अरे, पोस्टमन आहे," असं बायको ओरडली की मगच आत यायचा, आणि तरीही बराच वेळ पडद्याआडून रस्ता न्याहाळत बसायचा.

त्याची नात कालिरोई लहानपणी या लपाछपीला हसायची. आजीला, म्हणजे इवान्थियाला, हसू येत नसे. तिच्या मते असं वागणारा माणूस एकतर चोर असतो नाहीतर बाहेरख्याली, आणि घरातला चमचासुद्धा कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

तो १९५४ साली ग्रीसच्या एका बेटावरून बोटीनं आला. आधी मोटारींच्या कारखान्यात रंग मारला, मग स्वतःचं तळलेल्या माशांचं दुकान थाटलं आणि ते म्हातारपणापर्यंत चालवलं. आजी तीन वर्षांनी आली, दुसऱ्या बेटावरून, त्याचा फोटो पाहून. फोटोतला माणूस आणि बंदरावरचा माणूस एकच निघाला म्हणून तिनं देवाचे आभार मानले, कारण बरोबरच्या दोघीतिघींचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. आठवड्याभरात लग्न झालं. आणि महिन्याभरात तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच्या बेटाच्या लोकांचं मेलबर्नमध्ये मंडळ होतं, स्वतःचा हॉल होता, उन्हाळ्यात सहली निघायच्या. हा तिकडे फिरकतही नसे. गाव कुठलं विचारलं तर आज एक नाव सांगायचा, उद्या दुसरं. घरची सगळी माणसं युद्धात गेली म्हणायचा आणि विषय बदलायचा. आजीनं खोदून खोदून विचारलं, पण पठ्ठ्यानं ताकास तूर लागू दिला नाही.

फेब्रुवारीत संत स्तामातिओसच्या दिवशी त्याचा नामदिन असे, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्या संताचा सण. त्या दिवशी न बोलावता माणसं यायची, मिठाईचे खोके घेऊन, "शंभर वर्षं जग" म्हणत. हा कोपऱ्यात असा बसायचा, की पाहुणा कोण आणि यजमान कोण कळू नये. ईस्टरला सगळा मोहल्ला प्रसाद घ्यायला रांगेत उभा राहायचा, तेव्हा हा मागे मेणबत्त्यांपाशी थांबायचा. प्रसाद कोण टाळतो? ज्याच्या पोटात पाप आहे तो. आजीचा हिशेब सरळ होता.

आणि मग ते पंधरा डिसेंबर. भर उन्हाळ्यात तो लोकरी सूट चढवायचा, सकाळी पाण्याचा घोटसुद्धा न घेता निघायचा आणि आगगाडीनं शहराच्या पार पश्चिम टोकाला जायचा. दुपारी यायचा तो अगदी हलका होऊन, शीळ घालत. कुठे गेला होतास, तर जरा काम होतं. आता पंधरा डिसेंबर कुणाचा नामदिन, हे ग्रीकांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एलेफ्थेरिया नावाच्या बाईचा. एलेफ्थेरिया नावाची एक विधवा शिंपीण पूर्वी त्यांच्याच गल्लीत राहायची आणि नंतर नेमकी पश्चिमेला राहायला गेली होती. आणखी काय पुरावा हवा?

दोघांनी मिळून एक जोड कबर घेऊन ठेवली होती, वर खाली दोन जागांची. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आजीनं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की ती त्या कबरीत जाणार नाही. आयुष्यभर दुसरीच्या उष्ट्यावर राहिले, मेल्यावर राहणार नाही, माझी वेगळी सोय करा. मुलगा पांदेलीस हादरला. आजोबांनी सूप संपवलं आणि अंगणात निघून गेले.

त्या वर्षी पंधरा डिसेंबरला आजीनं कालिरोईला गाडी काढायला लावली. शिंपीण राहायची तिथल्या स्टेशनाबाहेर दोघी काचा वर करून बसल्या. आगगाडीतून आजोबा उतरले, काठी टेकत शिंपिणीच्या गल्लीवरून सरळ पुढे गेले आणि एका लहानशा चर्चमध्ये शिरले.

"चर्चमध्ये भेटतात म्हणजे," आजी म्हणाली. "लाज कोळून प्यायलेत दोघं."

आत दोघी खांबाआड उभ्या राहिल्या. आजी डोक्याला रुमाल बांधलेली प्रत्येक बाई तपासत होती. शिंपीण कुठेच नव्हती. मग उपाशीपोटी घ्यायच्या प्रसादाची रांग लागली आणि जन्मात कधी रांगेत न दिसलेले आजोबा रांगेत दिसले. प्रसादाचा चमचा ओठाशी नेताना पाद्री माणसाचं नाव घेतो, बाप्तिस्म्याच्या पाण्यात मिळालेलं नाव, आणि तिथे दुसरं नाव सांगायची कुणाची छाती होत नाही. म्हाताऱ्यानं वाकून हळूच काहीतरी सांगितलं. पाद्री खणखणीत आवाजात म्हणाला, "देवाचा सेवक एलेफ्थेरियोस."

बाप्याचंही तेच नाव असतं आणि त्याचाही तोच दिवस असतो, हे इतक्या वर्षांत आजीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चर्चच्या अंगणात तिनं त्याला गाठलं. तो पळाला नाही. लपायला झाड नव्हतं म्हणा. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. पोरवयात तो डोंगरातल्या बंडखोरांना भाकऱ्या पोचवायचा. ग्रीसमधली यादवी संपली तसं पोलिसांनी त्याचं नाव काळ्या यादीत टाकलं. ना नोकरी, ना पासपोर्ट. थोरला भाऊ स्तामातीस मात्र स्वच्छ होता आणि ऑस्ट्रेलियाचे कागदही त्याचेच झाले होते. चेहरे सारखे. बंदरावर जायच्या दिवशी भावानं स्वतःचे कागद याच्या खिशात कोंबले. तू जा, तुला इथे कुणी जगू देणार नाही, म्हणाला. तो मागेच राहिला आणि तिथेच मेला. यानं त्याच्यासाठी मेणबत्तीही लावली ती चोरून.

कालिरोईला वाटलं, आता हिची संशयातून सुटका झाली. पण आजीचा चेहरा पांढरा पडला होता.

"लग्नात पाद्र्यानं तीन वेळा कुणाचं नाव घेतलं?"

"स्तामातीसचं."

"मग देवाच्या दरबारी मी कुणाची बायको? तुझ्या भावाची?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाव त्याचं घेतलं, इवान्थिया. पण लग्नाचा मुकुट माझ्याच डोक्यावर होता. आणि वेदीभोवती तुझ्याबरोबर फिरलो तो मीच."

"मला सांगायचं होतंस."

"पोरांचे सगळे कागद त्या नावावर उभे आहेत. तुला सांगितलं असतं, तर तूही माझ्यासारखी पडद्याआड उभी राहिली असतीस." मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

तिनं मान डोलावली. परतताना ती त्याच्या शेजारी मागच्या सीटवर बसली, आणि घर येईपर्यंत शिव्या देत राहिली. पण हात त्याच्या हातात होता. कबरीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

तीन वर्षांनी, नव्वदीला टेकल्यावर, आजोबा झोपेतच गेले. चर्च भरलं होतं. पाद्र्यानं "देवाचा सेवक स्तामातीस" म्हणून प्रार्थना सुरू केली, तशी आजी काठी टेकत उठली आणि शवपेटीपाशी जाऊन उभी राहिली.

"नाव चुकतंय, फादर. एलेफ्थेरियोस म्हणा."

पाद्री गोंधळला. पांदेलीस धावला आणि तिचा दंड धरून कुजबुजला, "आई, बाबांचं नाव विसरलीस का?"

"मी त्याची बायको आहे. हाच माझा नवरा आणि हेच त्याचं नाव. म्हणा."

म्हातारीचा अवतार बघून पाद्र्यानं ते नाव घेतलं. चर्चभर कुजबुज उठली.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये मासे, कॉफी आणि ब्रँडी देत होते. प्रत्येक टेबलावर एकच विषय. नवऱ्याच्या पेटीसमोर म्हातारीच्या तोंडून दुसऱ्याच बाप्याचं नाव निघालं. कोण हा एलेफ्थेरियोस? कधीपासून चाललं होतं? आणि वर इतकी वर्षं त्या गरिबावरच संशय घेत होती. पांदेलीस तर आईच्या नजरेला नजर देईना. कालिरोईला सहन होईना. ती आजीच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, की आता तरी खरं काय ते सांगून टाक.

आजीनं ब्रँडीचा घोट घेतला.

"तो काही बोलला होता का, मी साठ वर्षं छळलं तेव्हा?" ती म्हणाली. "मग मीही गप्पच बसणार."