ओल्या व्हार्निशवरून चालत गेलेली अल्डोना

अमेरिकेतल्या वूस्टर शहरातल्या त्या तीन मजली लाकडी घरात सगळ्यात वर राहणाऱ्या अल्डोनाला व्हार्निशच्या वासाची कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. तिचा नवरा विटो चाळीस वर्षं लोकांच्या घरातल्या लाकडी जमिनी घासून, व्हार्निश लावून चकचकीत करत होता. संध्याकाळी आधी वास घरात यायचा, मग तो. त्याचे कपडे ती मागच्या गॅलरीत काढायला लावायची, बर्फ पडत असला तरी खिडक्या उघडायची आणि मुलींना कोट घालून झोपवायची. एवढं करूनही विटोची छाती गेलीच. आता नाकात नळी होती आणि पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र. हे यंत्र हवा खोलीतलीच ओढतं, पण ते लक्षात कोण घेतो?

ब्रेंडन नावाच्या तरुणानं त्यांच्या खालचा मधला मजला विकत घेतला, तेव्हा तिनं त्याला बजावलं होतं, "जमिनी करशील तेव्हा पाण्यातलं व्हार्निश लाव बाबा. त्याला वास कमी." त्यानं मान डोलावली होती. मान डोलवायला जातं काय!

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वास वर आला, आणि तो तेलातल्या व्हार्निशचा होता. अल्डोनानं दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. खिडक्यांवर थंडीसाठी चिकटवलेलं प्लास्टिक टराटरा फाडून त्या उघडल्या. पण वास फळ्यांमधून येतच राहिला आणि विटोची ढास थांबेना.

"त्याला खिडक्या उघडायला सांगते," ती म्हणाली.

"नको," विटो धापा टाकत म्हणाला. "ओल्या थरावर धूळ बसेल. पोराची सगळी मेहनत वाया जाईल."

"आणि तुझी छाती?"

"ती वाया गेलेलीच आहे."

अल्डोनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरायला टेकलेला माणूस दुसऱ्याच्या जमिनीची बाजू घेतो, याला काय म्हणावं?

खाली जिन्याच्या वळणावर ब्रेंडन मास्क गळ्यात अडकवून ब्रश पुसत उभा होता.

"सॉरी हं, मिसेस स्टाकिस. पाण्यातल्याला तो मधासारखा रंग येत नाही. तुम्ही दोघं दोन दिवस हॉटेलात राहिलात तर..."

"त्याला जिना उतरता येत नाही. ठाऊक आहे तुला."

"चार तास तरी खिडक्या बंद हव्यात. दुकानदारानं सांगितलंय."

"दुकानदार वर राहतो का रे?"

ती त्याला ओलांडून त्याच्या घरात शिरली. पायात घरातल्या सपाता. चिकट, झळझळीत जमिनीवरून ती थेट पलीकडे गेली, खिडकी वर ढकलली, मग दुसरी, मग तिसरी. सहाही उघडल्या. ब्रेंडन दारात डोकं धरून उभा राहिला. ती त्याच्या शेजारून वर निघून आली.

तासाभरानं विटोची ढास जरा बसली.

"फळ्यांच्या रेघेनं चाललीस ना?" त्यानं विचारलं. "तसे ठसे बुजवता येतात."

"आडवी चालले," अल्डोना फणकारली. "खिडक्या जिथे होत्या तिथे गेले. बुजवू दे त्याला काय बुजवायचं ते."

विटोनं नाकातली नळी नीट केली.

"चाळीस वर्षं मीही खिडक्या बंदच ठेवल्या," तो म्हणाला. "वर कोण राहतं, हे एकदाही विचारलं नाही."