ऑपरेटरबाईंची अकरा हजार माणसं

तक्रारी ऐकण्याचा मला पगार मिळतो. ऐकतो कितपत, ते सोडा. आमची कंपनी वेबसाइटना जागा भाड्यानं देते. एका सर्व्हरवर साडेतीनशे वेबसाइट्स, म्हणजे साडेतीनशे बिऱ्हाडं आणि गच्चीवर पाण्याची टाकी एकच. शिंप्याचं दुकान, गणिताची शिकवणी, दातांचा डॉक्टर, अशा चार-चार पानांच्या साइट्स सुखानं नांदतात. पण मधूनच कुणीतरी संपर्क सांभाळायचं अगडबंब सॉफ्टवेअर आणून बसवतो. हजारो माणसांची नावं, नंबर, कुणाशी कधी काय बोलणं झालं त्याच्या नोंदी, आणि वर दर तासाला सगळं पुन्हा मोजत बसायची खोड. मग बाकीच्यांचे नळ कोरडे, आणि बोंब माझ्या नावानं. अशांसाठी माझ्याकडे एक ठरलेलं पत्र होतं: ‘आपण स्वतंत्र सर्व्हर घ्यावा.’ पत्र गेलं की महिन्याभरात बिऱ्हाड हलायचं आणि मी सुटायचो.

ऑपरेटरबाई काही हलल्या नाहीत.

वय एकाहत्तर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं लोकांचे फोन जोडून देण्यात गेली, म्हणून हे नाव. आता पुतण्याच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून रक्तदात्यांची यादी चालवतात. खोलीत एक टेबल, एक जुना कंप्युटर आणि दोन फोन. दुसऱ्या फोनवर त्यांच्या थोरल्या जाऊबाई, गुडघ्यांनी अधू पण आवाज खणखणीत. यादीत अकरा हजार माणसं.

माझं पत्र पोचलं तसा बाईंचा फोन आला. म्हटलं, झालं, आता रडगाणं सुरू. तर बाई विचारतात, “त्या मशीनवर आम्ही एकूण किती जण आहोत हो?”

मी आकडा सांगितला.

“आणि गर्दी कधी होते? तासाच्या ठोक्याला होते का?”

नऊ वर्षं मी ही नोकरी करतोय, पण हे कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं. बाईंचं खरं होतं. जो तो आपली ठरावीक वेळेची कामं पूर्ण तासाला लावून ठेवतो, त्यामुळे ठोका पडला की साडेतीनशे बिऱ्हाडं एकदम नळाखाली बादली धरतात.

“एक्स्चेंजमध्ये हेच व्हायचं,” बाई म्हणाल्या. “दहा वाजले रे वाजले की साऱ्यांना फोन करायची हुक्की यायची. मी माझं काम तासानंतर सतरा मिनिटांनी लावते.” त्यांनी लावलं, आणि सर्व्हर शांत झाला. मी ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर स्वतःवरच धुसफुसत बसलो.

पुढची दोन वर्षं बाई त्या सॉफ्टवेअरला वळण लावत होत्या. वाढदिवसाच्या आपोआप जाणाऱ्या शुभेच्छा बंद केल्या, आलेख बंद, नकाशे बंद. मोजणी एकदम न करता दोनशे-दोनशे माणसांच्या तुकड्यांत केली. चुकांच्या नोंदींची जी फाइल बघून आमच्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसांना जांभया येतात, ती बाई सकाळच्या पेपरासारखी वाचायच्या. अडलं की मला फोन. मी तोडून टाकल्यासारखी उत्तरं द्यायचो. पुढच्या वेळी त्यांचा सूर तस्साच. सगळ्यांत खादाड सॉफ्टवेअर सगळ्यांत तोकड्या जागेत चालत होतं आणि शेजाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती. मी तोंडात बोटं घालून बघत होतो. त्यांना तसं सांगायला हवं होतं, पण माझ्या तोंडून चांगलं निघतं कुठं.

बाईंनी एक गोष्ट मला लेखी कळवली होती: ‘आमचं सॉफ्टवेअर परस्पर नवं करू नये, आधी फोन करावा.’ ते पत्र मी उघडलं होतं, वाचलं नव्हतं. एका मंगळवारी दुपारी मी बटण दाबून सर्व्हरवरची सगळी सॉफ्टवेअरं एका दमात नवी केली. बाईंची दोन वर्षांची मेहनत पुसली गेली. सॉफ्टवेअर मूळ स्वभावावर गेलं आणि अकरा हजार माणसांच्या नोंदी पहिल्यापासून लावायला बसलं. प्रत्येक खात्याला आखून दिलेली मर्यादा ओलांडली की सर्व्हर त्याला थांबवणार, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. तिसऱ्या खेपेला बाईंच्या खात्याला आपोआप कुलूप लागलं.

दीड वाजता फोन आला. “साहेब, यादी उघडत नाहीये. एक बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. तिच्या रक्तगटाची माझ्याकडे नऊच माणसं आहेत. पाचच्या आत दोन जण रक्तपेढीत हवेत.”

कुलूप मी काढू शकत होतो, पण नोंदी लागायला दोन तास, आणि मध्येच सर्व्हर पुन्हा मान मुरगाळणार. मी म्हणालो, “मर्यादाच काढून टाकतो बाई. अख्खा सर्व्हर तुमच्या कामाला लावतो.”

“आणि बाकीचे साडेतीनशे?”

“बंद पडतील.”

“मग नको. त्यांच्यातही कुणाची नड असेल.” बाई म्हणाल्या. “आपल्याला अकरा हजार नकोतच ना? नऊ हवेत. ती नोंदींची कोठी असते, तिला थेट विचारता येत नाही का?”

मी कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअरला बाजूला ठेवून मी कोठीला एका ओळीत विचारलं: या गटाची माणसं दे. डोळ्याचं पातं लवायच्या आत नऊ नावं समोर.

“आता शेरे वाचा,” बाई म्हणाल्या.

प्रत्येक नावापुढे बाईंचा शेरा होता. ‘शिक्षिका. वर्गात असताना उचलत नाहीत, शाळेच्या ऑफिसात निरोप ठेवावा.’ ‘ट्रक चालवतो. आधी गाडी कडेला घ्यायला सांगावं, मग बोलावं.’ ‘सुईला घाबरते. जाऊबाईंनी फोनवर बोलत राहावं.’ ‘याच महिन्यात दिलंय. फोन करू नये, ती नाही म्हणणार नाही.’ असे शेरे अकरा हजार माणसांचे होते. ज्याला मी दोन वर्षं नुसता बोजा म्हणत होतो, तो बोजा हा होता.

पलीकडे दोन्ही फोन सुरू झाले. शिक्षिका लगेच निघाल्या. ट्रकवाला तीनशे किलोमीटरवर होता, सुईला घाबरणारी तापानं फणफणली होती. कुणी उचलेना, कुणी गावाला गेलेलं. साडेतीन वाजले आणि अजून एक माणूस हवा होता.

“साहेब, आम्ही दोघी न उचलणाऱ्यांच्या मागे आहोत. नववा तुम्ही लावा.”

“मी?”

“शेरा वाचून लावा.”

शेरा होता: ‘पूर्वी दुसऱ्याच कुणी बोलावलं होतं. रक्त दिलं, पण पेशंट जगला का, हे कुणी कळवलं नाही. राग तिथला आहे. मध्ये बोलू नये.’

फोन लावला. नाव काढताच माणूस पेटला. गरजेपुरते तुम्हाला आम्ही आठवतो, नंतर कुत्रंही विचारत नाही, त्या रात्री मी तिथं बाकावर बसून होतो, मला वेडा म्हणून हाकललं. माझ्या जिभेवर दहा वेळा उत्तर आलं, दहा वेळा गिळलं. शेवटी तो दमला. मी म्हणालो, “या वेळी मी स्वतः कळवीन.”

“कुठं यायचंय?” त्यानं विचारलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना दोघेही रक्तपेढीत होते. बाईंनी मला फोन केला. मला वाटलं, आता त्या न वाचलेल्या पत्राबद्दल बोलतील. मी आपणहून चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “ते उद्या बघू. तो किती वेळ बोलला?”

“सात मिनिटं.”

“मागच्या खेपेला वीस बोलला होता, आणि आला नव्हता. शेऱ्यात लिहून ठेवा तेवढं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कळवलं, बाळंतीण शुद्धीवर आली, धोका टळला. “त्याला सांगायचं काम तुमचं. शब्द तुम्ही दिलाय.”

नऊ वर्षांत चांगली बातमी द्यायला मी कुणाला फोन केला नव्हता. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हणालो, “वाचली. बोलतेय सगळ्यांशी.”

“आणि बाळ?” तो म्हणाला.

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

“मग विचारा की हो,” तो म्हणाला.

मी बाईंना विचारलं, आणि त्याला पुन्हा फोन केला. म्हटलं, मुलगी आहे. आईच्या कुशीत झोपलीय.