एका लाइनीचे वाटे

संगमनेरजवळच्या अकोले गावात एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते. इंटरनेटची लाइन एकच, आणि ती सगळ्यांनाच हवी. केसपेपरची खिडकी, बिलिंग, एक्स-रे, ऑफिस, शिवाय जागोजागी लावलेले कॅमेरे. आणि कोपऱ्यात एक खोली होती, तिथून नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर पेशंट दाखवता यायचा. कुणाला किती स्पीड द्यायचा ते राउटरवर मीच लावून ठेवायची. समाधान कुणाचंच व्हायचं नाही.

भर पावसाळ्यात एकदा कुठंतरी केबल खराब झाली आणि लाइन निम्म्यावर आली. त्याच दुपारी राजूरच्या वरच्या एका गावातून जीपमध्ये घालून एक बाई आणली. छातीत कळ, अंग घामानं ओलं. बरोबर नवरा. आमच्या डॉक्टरीणबाई नवीन होत्या, त्यांना हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढं जायचं नव्हतं. त्या खोलीतली सिस्टर धावतच माझ्याकडे आली.

"ताई, चित्र अडकतंय, आवाज तुटतोय. काहीतरी करा."

मी बिलिंग, ऑफिस, कॅमेरे, सगळ्यांचा स्पीड काढून त्या खोलीला दिला. जाऊन बघितलं तर डॉक्टर पडद्यावर स्वच्छ दिसत होते. तेवढ्यातही त्या बाईनं चाचपडत पदर डोक्यावर ओढून घेतला.

नवऱ्यानं मला हळूच विचारलं, "त्यान्ला आमी दिसतोय व्हय?"

"दिसताय, दादा."

ईसीजी बघून डॉक्टरांनी औषध सांगितलं आणि म्हणाले, लगेच नाशिकला हलवा. अँब्युलन्स निघाली.

इकडे बिलिंगच्या खिडकीवर आरडाओरडा चालू झाला होता. अर्ध्या तासानं व्यवस्थापक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कुणाला विचारून बंद केलंत?"

मी काय झालं ते सांगितलं.

"पेशंट बघायला डॉक्टर आहेत. तुम्ही कॉम्प्युटर बघा."

ते बोलतच होते, तेवढ्यात सिस्टर दारात आली. अँब्युलन्समधून फोन आला होता. संगमनेरच्या अलीकडेच बाई गेली होती.

व्यवस्थापक म्हणाले, "म्हणजे उपयोग काय झाला?"

मी राउटरवर सगळ्यांचा स्पीड पुन्हा होता तसा लावला.

दुसऱ्या दिवशी राउटरचा पासवर्ड त्यांनी स्वतःकडे घेतला. कोपऱ्यातल्या खोलीचा वाटा कमी झाला, कारण 'वापर फारसा नाही'. वाटा कमी झाला तसं चित्र पुन्हा अडकायला लागलं, आणि चित्र अडकतं म्हणून डॉक्टरीणबाईंनीही ती खोली वापरायचं सोडलं. आता तिथं सलाइनची खोकी ठेवतात. सिस्टरला वॉर्डात टाकलं.

परवा चहाला ती भेटली. मी विचारलं, "त्या बाईला आपण व्हिडिओसाठी न थांबता थेट नाशिकला पाठवलं असतं तर?"

"नका विचारू ताई," ती म्हणाली, आणि कप अर्धा ठेवून वॉर्डाकडे निघून गेली.