तरोट्याचा पहिला घास

सीताबर्डीत मेट्रोच्या एका खांबाच्या सावलीत एक बाई रानभाज्या घेऊन बसते. तिच्याकडून भाजी विकत घेणं हे बँकेतल्या बढतीच्या मुलाखतीहून अवघड आहे. मी दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. मुलाखतीत मी पहिल्या झटक्यात पास झाले.

बाई साठीची असावी. रामटेककडच्या खेड्यातून सकाळच्या बसने येते आणि गोणपाटावर तरोटा, चिवळ, कुंजर असे हिरवे ढीग मांडते. मांडून झालं की प्रत्येक ढिगातलं एक पान उचलून तोंडात टाकते, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत सावकाश चावते, गिळते आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघते. काय ती एंट्री! हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांतल्या नाटुकल्यांत मी वीस वर्षं राण्या, सासवा आणि एकदा तर यमराजसुद्धा झाले, पण प्रेक्षकांना असं गप्प करणं मला कधी जमलं नाही. मी तिला मनातल्या मनात 'थोर नटी' म्हणायचे. पान चावणं म्हणजे निव्वळ अभिनय आहे, अशी माझी खात्री होती.

या आषाढात मला तिच्यासमोर उभं राहायची वेळ आली ती मामाजींमुळे. मामाजी म्हणजे माझे सासरे, वय ऐंशी. सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढली, क्वार्टरमध्ये राहिले, पण मनाने कधी शेतातून बाहेर आलेच नाहीत. टायफॉइड होऊन गेला, ताप उतरला, पण तोंडाची चव परत येईना. खिचडी बघितली की तोंड फिरवत. सूप तर त्यांनी कुंडीतल्या तुळशीला पाजलं. मनगटं काटकीसारखी झाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, खाल्लं नाही तर पुन्हा भरती करून सलाइन लावावी लागेल. आणि मामाजींनी त्याहून स्पष्ट सांगितलं की ते दवाखान्यात पुन्हा पाय ठेवणार नाहीत.

अशात एके सकाळी ते म्हणाले, "तरोट्याची भाजी असती, तं खाल्ली असती दोन घास."

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. ताजी असेल, नीट शिजवलेली असेल तर थोडी द्या, म्हणाले. मी पर्स उचलली आणि तडक बर्डी गाठली.

"तरोट्याच्या दोन जुड्या," मी ऐटीत म्हटलं.

"कोणासाठी वं?"

"सासऱ्यांसाठी. आजारातून उठलेत."

"डॉक्टरले पुसलं?"

"पुसलं."

"बरं. कशी करशीन?"

"उकळीन, चिरीन, लसूण-मिरचीत परतीन."

"उकळलेल्या पाण्याचं काय करशीन?"

आता मी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून आले होते. मान ताठ करून म्हटलं, "ठेवीन. सगळं सत्त्व पाण्यातच असतं. त्याचं सूप करीन."

बाईने माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि ढिगावर ठेवली. "फेकाचं पाणी हाय ते. बुढ्याले पाजशीन काय? शिकून ये, मंग देतो." मागे उभ्या असलेल्या दोघी फिदीफिदी हसल्या. एकीने तर मला ऐकवत आपलं उत्तर दिलं, "पिळून फेकतो वं, माय," आणि जुडी जिंकली.

माझ्यासारख्या यमराजाचा असा अपमान! घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की हिच्याकडून घ्यायचंच नाही. आमच्या ले-आऊटमध्ये घरामागचा प्लॉट मोकळाच आहे, तिथे पावसाने नुसतं रान माजलंय. रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन तिथे उतरले. पहिल्या रोपाचा फोटो मोबाइलला दाखवला. मोबाइल म्हणाला, तरोटा. झालं! एकाची ओळख पटली आणि मी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या साऱ्या गोतावळ्याला पिशवीत भरलं. मोबाइलला पुन्हा विचारावं असं एकदाही वाटलं नाही.

भाजी मात्र फर्मास केली. या वेळी पाणी फेकलं, पाला घट्ट पिळला, भिजवलेली मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घातला. वास आतल्या खोलीत गेला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा आतून आवाज आला, "झाली काय वं, सूनबाई?"

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ताटात भाजी, ज्वारीची भाकर वाढली, वर झाकण ठेवलं, ताट मामाजींसमोर मांडलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण उरलेल्या चार फांद्या कट्ट्यावर पडल्या होत्या, आणि माझ्यातली नटी शांत बसेना. "तुम्ही जेवून घ्या, मी बर्डीला जाऊन आलेच," म्हणून मी त्या फांद्या घेऊन ऑटोने निघाले. कशासाठी? तर त्या बाईच्या गोणपाटावर त्या आपटायला.

आपटल्या. "बघा! तुमच्याशिवाय अडलं नाही माझं."

बाई चिडली नाही. तिने फांद्या उचलल्या आणि पत्ते वाटावेत तशा दोन बाजूंना टाकल्या. दोन इकडे, दोन तिकडे.

"हे पाह्य. पानाच्या तीन जोड्या, टोक गोल. हा तरोटा. आता हे पाह्य. जोड्या किती?"

"पाच," मी मोजलं.

"अन् टोक?"

"टोकदार."

"हा कासविंदा. याच्या बिया लेकरानं खाल्ल्या तं दवाखान्यात न्या लागते. पाला आम्ही ताटात येऊ देत नाही." मग तिने वर पाहिलं. "बुढ्यानं खाल्ली?"

ताट तर मी समोर मांडून आले होते. नुसती मान हलली, हो की नाही ते तिलाही कळलं नसेल.

"मंग पाहून काय राहिली? धाव वं!"

ऑटोत मी नवऱ्याला सात फोन केले. एकही उचलला नाही. कसा उचलेल? आमच्या घरातला कूलर सुरू असला की छतावर विमान उतरलं तरी कळायचं नाही, आणि नवरा त्याच्याच तोंडासमोर झोपतो. मला डोळ्यांसमोर फक्त त्या काटकीसारख्या मनगटाने तोडलेला भाकरीचा तुकडा दिसत होता. सिग्नलवर मी ऑटोवाल्याला दम दिला, मग विनवलं, मग पुन्हा दम दिला.

दारातूनच ओरडले, "मामाजी, खाऊ नका!"

मामाजी टेबलाशी बसले होते. ताटावर झाकण तसंच. चेहरा मात्र लालबुंद.

"काय खाऊ? तोडणारी बर्डीले पळाली, अन् मी एक तासापासून वास घेऊन राहिलो!"

"म्हणजे... तुम्ही जेवला नाहीत?"

"कसा जेवू? आमच्या घरी रानातली भाजी जो तोडे, पहिला घास त्यानं खायाचा. सगळ्यायसमोर. माझ्या मायनं त्याच्याबिगर ताटाले हात नाही लावू देला कोणाले."

मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं, प्लॉट, मोबाइल, गोणपाट, पाच जोड्या. मामाजींनी झाकण उचलून भाजीकडे बारकाईने पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग खा ना पहिला घास," म्हणाले, आणि मिशीत हसले.

ती भाजी मी कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकली, गल्लीतल्या गाईच्याही तोंडी लागू नये म्हणून. तेवढ्यात नवरा डोळे चोळत आला. "काय झालं? मले तं कोणी काही सांगतच नाही या घरात."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी पुन्हा त्या खांबाखाली उभी राहिले. बाईने आधी विचारलं, "खाल्ली नाही ना?" मी नाही म्हटल्यावर तिने डोळे मिटून हात जोडले. मग लगेच परीक्षा. मिसळलेल्या फांद्या समोर टाकल्या, मी वेगळ्या केल्या. पाण्याचा प्रश्न, त्याचं उत्तर. पहिल्या दिवशी किती वाढशील? चार घास. औषधाच्या गोळ्या चालू असतील तर? डॉक्टरला सांगून. पास!

जुडी पिशवीत टाकताना मी मामाजींच्या आईची रीत सांगितली आणि विचारलं, "तुम्हीही रोज पान खाता. घासावरून विष कळतं का हो?"

"नाही वं. विष काय लगेच सांगते, मी विष हाय म्हणून? पण ज्याले आपल्याच तोंडात घालाचं असते ना, तो तोडतानाच दोनदा पाहते."

वीस वर्षं रंगमंचावर काढून मला कळलं नव्हतं, ते या थोर बाईला गोणपाटावर बसून ठाऊक होतं. तिने अभिनय कधी केलाच नव्हता.

त्या संध्याकाळी ताट मांडलं. ही जुडी मी तोडली नव्हती, पण एकेक पान मी निवडलं होतं, तेव्हा घास माझाच. मामाजी समोर, नवरा बाजूला. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, तोंडात घातली. प्रेक्षक श्वास रोखून बसलेत म्हटल्यावर मी सावकाश चावू लागले, नजर दूर खिडकीपलीकडे...

"लवकर गिळ ना वं," मामाजी ओरडले आणि ताट पुढे ओढलं, "भूक लागली मले!"