जिथे थांबलं तिथून

आज ऑफिसातला जुना सर्व्हर बंद करायचा होता. त्यावर एका कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरमधल्याच एका वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, पावसाचा अंदाज काढणारा प्रोग्रॅम चालू होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या वैशालीने तो आहे त्या स्थितीत गोठवला, साठवला आणि नव्या सर्व्हरवर पुन्हा सुरू केला. अर्धवट राहिलेलं गणित त्याने तिथूनच पुढे नेलं.

“बघ, मध्ये काही झालं हे त्याला कळलंसुद्धा नाही,” ती म्हणाली.

मला त्याचा हेवा वाटला. बाबा गेल्यानंतर मी आजच कामावर आले होते. माझं अर्धवट काम स्क्रीनवर तसंच होतं, पण पुढची ओळ लिहायचं त्राण नव्हतं.

वैशालीने माझा लॅपटॉप हळूच मिटला.

“राहू दे ते. बाबा कसे होते, सांग ना.”

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं.