झाकण उघडायचं नाही

थर्माकोलच्या पेटीत, बल्बच्या उबेत ठेवलेल्या एका अंड्याला एकविसाव्या दिवशी सकाळी तडा गेला. इवलीशी चोच दिसली, चिवचिव ऐकू आली, आणि मग दुपारपर्यंत काहीच हललं नाही. माझा हात झाकणाकडे गेला. मागच्या खेपेला असंच एक कवच मी नखानं, अगदी हळुवार सोललं होतं. आतल्या शिरा अजून ओल्या होत्या. रक्त आलं आणि पिल्लानं माझ्या तळहातावरच मान टाकली.

सासूबाईंनी जन्मभर खुडूक कोंबड्यांखाली अंडी बसवली. त्या म्हणाल्या, "अगं, देवानं कोंबडीला हात दिले नाहीत, ते उगीच नाही." आणि लसणाची परडी माझ्यापुढे सरकवली. "हे सोल."

मी सोलत बसले, नजर पेटीच्या झाकणात बसवलेल्या काचेवर. लेकीच्या चित्रकलेच्या वहीतले किती डोंगर मीच रंगवले, कुणी तिला नाव विचारलं तरी किती वेळा मीच सांगून टाकलं, ते आठवत राहिलं. मायेपोटीच केलं सगळं. मायेलाही नखं असतात. चिवचिव बारीक झाली, तरी मी झाकणाला हात लावला नाही.

दिवेलागणीला कवच आतून गोल फुटत गेलं आणि ओलं, दमलेलं पिल्लू बाहेर लोळलं.

तेवढ्यात आतून लेक ओरडली, "आई, हे गणित येत नाहीये, सांग ना!"

"अजून थोडा वेळ बघ," मी म्हणाले, आणि लसणाचा नवा गड्डा फोडायला घेतला.