जावयाच्या तेलाचा गुण

"दाजी, तुमच्या त्या वेबसाइटला आग लावा, न्हाई तर मी तुमच्या घाण्याला लावतो!"

मेहुणा जीपमधून उतरायच्या आधीच ओरडायला लागला होता. मानवतच्या आमच्या गल्लीत आधी त्याचा आवाज पोचला, मागून जीप आली. त्या आवाजानं शेजारच्या आडतीतली तुरीची चार पोती उसवली म्हणतात. मी दोनच पाहिली.

"झालं काय?"

"आई दवाखान्याला न्हाई म्हणायलीय! परभणीच्या डॉक्टरनं गुडघा बदलायला बुधवारी बोलावलंय. अन् ही म्हणती, जावयानं लिवलंय, तेल लावून अकरा दिवसांत गुडघा मोकळा. अकरा दिवस थांबा!"

मी मोबाइल काढून साइट उघडली. तसं लिहिलेलं होतं. मी लिहिलं नव्हतं, पण वर पाटी माझ्या घाण्याची होती.

करडई याच मेहुण्याच्या वावरातली, तेल माझ्या लाकडी घाण्याचं. तेल असं, की डब्यावरून उडालेली माशी पाथरीपर्यंत मिशा चाटत जायची. हे मीच गिऱ्हाइकाला सांगायचो, अन् गिऱ्हाईक हसत हसत डबा भरून न्यायचं. वेबसाइट होती दोन पानांची. दिवसाकाठी एक माणूस ती उघडायचा, तो मी.

मग एक वेबसाइटचा तज्ज्ञ आला. त्याच्या बुटांची टोकं दुकानात आधी शिरली, तो नंतर. म्हणाला, "काका, सर्चमध्ये तुम्ही चाळिसाव्या पानावर आहात. तिथं कुत्रंही फिरकत नाही."

"मग वर कसं यायचं?"

"लोक जे शोधतात ते लिहायचं."

"करडईचं तेल शोधत न्हाईत का?"

"लोक गुडघे शोधतात, काका. गुडघे, पोट अन् गळणारे केस."

मी मान डोलावली. त्याच क्षणी कुणीतरी माझं थोबाड फोडायला हवं होतं. महिन्याभरात साइट पहिल्या पानावर आली, मी गल्लीत पेढे वाटले, अन् आत काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही.

ते त्या दिवशी मेहुण्यासमोर वाचलं. 'मानवतमधील उत्तम तेल शोधत असाल तर मानवतमधील उत्तम तेल म्हणजे आमचे उत्तम तेल.' असं तर मानवतचा दारुडाही बोलत नाही. खाली 'चार पिढ्यांचा वारसा'. माझा बाप सायकलींची पंक्चरं काढायचा. त्याखाली मी जन्मात न पाहिलेल्या माणसांनी माझ्या तेलाचं केलेलं कौतुक, सगळं एकाच हाताचं. अन् 'आमचे शेत' म्हणून एक गोरी बाई फुलांतून अनवाणी चाललेली.

"ही कोण माझ्या वावरात?" मेहुणा गरजला. "करडईच्या काट्यात अनवाणी? आमी पायाला फडकी गुंडाळून जाताव!"

शिळ्या खवट तेलात तळलेली भजी खाल्ल्यासारखं झालं. मला, ज्यानं उभ्या आयुष्यात सरळ गोष्ट सरळ सांगितली नाही, त्याला खोटं वाचून ओकारी यावी! पण माझी थाप मी तोंडावर मारतो. समोरच्याला माझे डोळे दिसतात, त्याला हसायची सोय असते. इथं हसायला जागाच नव्हती. शांत, सभ्य अक्षरांत गुडघा बरा होत होता.

तज्ज्ञाला फोन लावला. "गुडघा काढा."

"काढला तर खाली जाल, काका. गुडघ्यावरच तर वर आलात."

"पाताळात जाऊ द्या. आत्ता काढा!"

मग मेहुण्याच्याच जीपमध्ये बसून सासुरवाडीला गेलो. सासूबाई ओसरीवर, कपाळी विभूती, दोन्ही गुडघ्यांना तेलात बुडवलेली फडकी. भोवती अख्ख्या गल्लीतल्या बाया, हातात रिकाम्या बाटल्या.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं आमचीच करडई नेताव, अन् तिच्यात एवढा गुण हाय ते सासूला सांगावं वाटलं न्हाई?"

"मामी, ते खोटं हाय."

बायांतल्या एकीनं बाटली पदराआड घेतली.

"खोटं कसं? ह्या शेजारणीनं मोबाइलवर वाचून दाखवलं."

"मामी, मी किती थापा मारतो तुमाला ठाव हाय. मग हीच कशी खरी धरली?"

"तुमच्या तोंडाचं मी कधी धरलं न्हाई, बापू. लगीन ठरवायला आलाव तवापासून न्हाई. पण हे लिवलेलं होतं. माणूस लिवताना तरी भितो."

मेहुणा जीपच्या बॉनेटला टेकून माझ्याकडे पाहत होता. मी खाली बसलो, त्यांच्या गुडघ्यापाशी. फडक्यातलं तेल माझंच होतं, वास ओळखीचा, तरी नाक फिरलं.

"मामी, तेल खायला चांगलं हाय. गुडघ्याला काय करत न्हाई. बुधवारी चला, मी गाडी घेऊन येतो."

त्यांनी एक फडकं सोडलं, मग दुसरं. दोन्ही पिळून वाटीत तेल गोळा केलं. थेंबही सांडला नाही.

"मग त्यात खरं काय लिवलंय?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं.

"पत्ता," मी म्हणालो.